हिरवं यकृत

माझी आत्या तेहेतीस वर्षं एकाच शाळेत नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवत होती. मुलं तिला पाठीमागे ‘आकृतीबाई’ म्हणायची. हे तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. माणसाचं हृदय ती फळ्यावरून खडू न उचलता काढायची. चारही कप्पे, झडपा, महाधमनीचं वळण, सगळं एका दमात. मग खोक्यातले रंगीत खडू बाहेर यायचे. ते तिच्याशिवाय कुणी हाताळायचे नाहीत, अगदी मुख्याध्यापकसुद्धा. नावं लिहायच्या रेघा एकमेकींच्या अंगावरून गेल्या तर अर्धा गुण कापला जायचा, मग रडा की पाया पडा.

आणि व्याख्या! तिच्या एका जुन्या वहीत सगळ्या व्याख्या होत्या. वहीची पानं पिवळी पडली, शिवण सुटली, पण मजकुरातला स्वल्पविरामही हलला नाही. तिच्या हाताखालून गेलेल्या माणसाला या व्याख्या मरेपर्यंत पाठ असतात. एकदा ती दाढ काढायला गेली, तर दातांच्या डॉक्टरांनी भूल चढेपर्यंत तिला पेशीची व्याख्या म्हणून दाखवली. तोंडात कापूस असल्यामुळे तिला फक्त मान हलवता आली. घरी आल्यावर म्हणाली, “एक शब्द गाळला त्यानं. पण हातात पक्कड होती ना त्याच्या, बोलते कशाला.”

माझे बाबा तिचे धाकटे भाऊ, चार वर्षांनी लहान. ते सुतारकाम करतात. घराच्या मागच्या बाजूला पत्र्याचं छप्पर टाकून केलेला त्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, एक लांब टेबल, भिंतीला टांगलेल्या करवती, आणि सगळीकडे भुसा. लाकूड ते वासावरून ओळखतात. फळीवर अंगठा फिरवून सांगतात की ही अजून ओली आहे, हिचं दार केलंत तर वर्षात फुगेल. त्यांनी नववीत शाळा सोडली. “माझं डोकंच चालत नव्हतं,” असं ते हसत सांगायचे. घरातही हे ठरलेलंच होतं की आत्या हुशार आणि बाबा वेंधळे. कुणी त्यात वाईट वाटून घेत नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

आत्यानं लग्न केलं नाही. दोन गल्ल्या सोडून तिची दोन खोल्यांची जागा होती, आणि रविवारी दुपारी ती आमच्याकडे जेवायला यायची. अशाच एका रविवारी ती आली ती हातात परिपत्रक घेऊनच. चपला काढायच्या आधीच तिनं ते आईच्या हातात कोंबलं.

“वाच. पन्नाशी उलटल्यावर मला शिकवायला निघालेत!”

नववी आणि दहावीचा जीवशास्त्राचा अभ्यासक्रम बदलला होता. वर्गीकरणाचे लांबलचक तक्ते गेले होते. बेडकाचं विच्छेदन गेलं होतं. ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न परीक्षेतून पार हद्दपार झाला होता. त्याऐवजी जागोजागी लिहिलं होतं: पाहा, नोंदवा, कारण शोधा. आनुवंशिकता म्हणजे पूर्वी शेवटचं दोन पानी प्रकरण, परीक्षेच्या तोंडावर घाईघाईत उरकायचं. ते आता मधोमध येऊन बसलं होतं, चांगलं पंचवीस पानांचं. आणि मानवी प्रजननाचं जे प्रकरण आत्या दरवर्षी ‘हे घरी वाचून घ्या’ म्हणून पुढं ढकलायची, ते वर्गात शिकवायचं होतं, वर मुलांच्या प्रश्नांसाठी वेगळा तास ठेवायचा होता.

“प्रश्नांचा तास!” आत्या म्हणाली. “त्या वयाची मुलं काय प्रश्न विचारतील हे या समितीतल्या लोकांना माहीत आहे का?”

“माहीत आहे म्हणूनच ठेवला असेल,” आई हळूच म्हणाली. आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं की आई पाणी आणायला आत गेली.

तेव्हा आत्या छप्पन्न वर्षांची होती. निवृत्तीला दोन वर्षं होती. तिनं मुदतीआधी निवृत्त व्हायचा अर्ज लिहिला आणि मुख्याध्यापकांपुढे ठेवला. मुख्याध्यापक तिचेच विद्यार्थी होते. त्यांनी अर्ज न वाचता परत केला. म्हणाले, “बाई, प्रशिक्षणाला तर जाऊन या. नाही पटलं तर मी स्वतः हा अर्ज पुढं पाठवतो.”

प्रशिक्षण चार दिवसांचं होतं. शिकवणारी मुलगी जेमतेम तिशीची. आत्या पहिल्या बाकावर जाऊन बसली, समोरच्याचा घाम काढायचा असला की ती नेहमी बसायची तशी. पहिल्याच दिवशी त्या मुलीनं प्रत्येकाला मूठभर पानं दिली, सगळी एकाच झाडाची. आणि म्हणाली, यातली दोन अगदी सारखी पानं शोधा.

आत्या त्या संध्याकाळी सरळ आमच्याकडे आली. टेबलापाशी येऊन बसली. मग पिशवीतून ती पानं काढून तिनं टेबलावर मांडली.

“एकसुद्धा जोडी नाही,” ती म्हणाली. “एकाची कड वेगळी, एकाच्या शिरा वेगळ्या, एक तर चक्क वाकडं. आणि मी तीस वर्षं फळ्यावर एकच पान काढतेय. नीटनेटकं, मधोमध शीर असलेलं. असं पान झाडावर नसतंच गं.”

तिचं मत एका दिवसात फिरलं असं मात्र समजू नका. पुढचे तीन दिवस ती रोज नवा राग घेऊन घरी आली. पण अर्ज काही पुन्हा मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेला नाही.

नवं पुस्तक हाती आल्यावर तिनं ते मुलांसारखं वाचायला घेतलं, पेन्सिलीनं खुणा करत. आनुवंशिकतेच्या प्रकरणात एक उपक्रम होता: ‘आपल्या कुटुंबातील तीन पिढ्यांचा तक्ता तयार करा.’ पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी गोल, आणि आपण निवडलेला आनुवंशिक गुण ज्याच्यात दिसतो त्याचं घर आतून भरायचं. वर्गात घेण्याआधी आपण स्वतः करून पाहावं म्हणून ती रविवारी वही घेऊन आमच्याकडे आली. तिनं सगळ्यांच्या कानाच्या पाळ्या तपासल्या. जिभा वळवायला लावल्या. पुस्तकात खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की पूर्वी समजायचे तितकं हे प्रकरण सरळ नाही. त्यावर ती म्हणाली, “बघा, मी हे सरळच आहे म्हणून शिकवलं. इतकी वर्षं.” आईची जीभ वळत नव्हती. बाबांची वळत होती, आणि ते ती वळवून शिट्टी वाजवत होते.

पान उलटलं तर तिथं एक गोल चित्र होतं, नुसत्या ठिपक्यांचं. लहान-मोठे, तांबूस आणि हिरवट ठिपके.

“सव्वीस,” मी म्हणाले.

“सव्वीस,” आई म्हणाली.

बाबा पुस्तकावर वाकले. “कशाचे सव्वीस?”

“आकडा आहे ना बाबा तिथं.”

“कुठं आकडा? रवा सांडल्यासारखं दिसतंय नुसतं.”

आम्ही हसलो. बाबांच्या थट्टेची आम्हाला सवयच होती. मग त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, पुस्तक खिडकीपाशी नेलं. ते खरोखर शोधत होते. आत्याचं हसू कधी थांबलं ते मला कळलं नाही. मी पाहिलं तेव्हा ती पुस्तकाकडे नाही, बाबांकडे बघत होती.

“छोट्या,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांत ती बाबांना या नावानं हाक मारताना मी पहिल्यांदाच ऐकलं. “इकडे ये. बस.”

तिनं माझी रंगांची पेटी मागितली. मी भूमापन कचेरीत नकाशे काढते, त्यामुळे घरात रंगीत पेन्सिली चिक्कार. तिनं दोन काढल्या आणि बाबांपुढे धरल्या. एक हिरवी होती, एक तपकिरी.

“हिरवी कुठली?”

बाबांनी दोन्हीकडे पाहिलं. मग सहज हात पुढं करून पेन्सिली उलट्या फिरवल्या, नाव कुठं छापलंय ते बघायला.

“नाव बघू नकोस. रंग सांग.”

“तसा कसा सांगू, ताई?” बाबा म्हणाले. “सारख्याच तर आहेत. तुम्ही लोक कसे ओळखता कोण जाणे. मी नाव वाचतो.”

आत्या उठली आणि मागच्या कारखान्यात गेली. जरा वेळानं मी पाहायला गेले, तर ती रंध्याच्या टेबलाला धरून उभी होती आणि रडत होती. मी तिला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

त्या दुपारी मला पहिल्यांदा खरी गोष्ट कळली. बाबा नववीत असताना त्यांना जीवशास्त्राच्या वहीत पचनसंस्थेची आकृती काढायची होती. आकृती उत्तम आली होती. हात तर त्यांचा तेव्हापासूनच सुताराचा. पण त्यांनी यकृत हिरवं रंगवलं आणि पित्ताशय तपकिरी. मास्तरांनी वही वर्गात सगळ्यांना दाखवली. पोरं आठवडाभर त्यांना ‘हिरवं यकृत’ म्हणून चिडवत होती. त्याआधी चित्रकलेत झाडांना तपकिरी पानं आणि हिरवी खोडं काढली म्हणून छड्या खाऊन झाल्या होत्या. घरी आत्या त्यांचा अभ्यास घ्यायची. ती तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, वर्गात पहिली येणारी. तिनं तीच आकृती त्यांच्याकडून चार वेळा काढून घेतली. चौथ्यांदाही यकृत हिरवंच आलं, तेव्हा तिनं त्यांच्या बोटांवर पट्टी मारली. म्हणाली, “तू मुद्दाम करतोस.” वर्ष संपायच्या आत बाबांनी शाळा सोडली. पुढं एका रंगाच्या दुकानात लागले होते, तिथून तीन महिन्यांत काढलं, कारण गिऱ्हाइकाला भलतीच छटा जायची. तिथंही सगळे हेच म्हणाले, की याचं लक्ष नसतं.

“आणि मी,” आत्या म्हणाली, “एकतीस वर्षं मुलांना लिहून देतेय. ‘लाल व हिरवा या रंगांतील भेद न ओळखता येणे, यास रंगांधता म्हणतात. हा दोष आनुवंशिक असून प्रामुख्याने पुरुषांत आढळतो.’ माझ्या वहीत आहे. पान त्रेचाळीस. मला पाठ आहे. आणि माझा भाऊ माझ्या शेजारी बसून जेवतोय दर रविवारी.”

बाबा दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी फडक्यानं उगाच टेबलावरचा भुसा झाडला.

“म्हणजे माझं डोकं बरं होतं म्हणायचं,” शेवटी ते म्हणाले.

“तुझं डोकं माझ्यापेक्षा बरं होतं. मला क्षमा कर, छोट्या.”

“अगं, तुला तरी काय माहीत.” मग बोटं चोळत ते म्हणाले, “पण पट्टी जोरात लागली होती हं.”

दोघंही हसले. मग बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, “चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मी नीट लक्ष देत नाही. किती लक्ष द्यायचो, ते माझं मला माहीत आहे.” हे ते हसत म्हणाले नाहीत.

पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. औषध काही नाही, चिंताही काही नाही. आत्यानं घरचा तक्ता नव्यानं काढायला घेतला. हा दोष मुलाकडे आईकडून येतो, आईला स्वतःला बहुधा तो जाणवतही नाही. म्हणजे आजीकडून. मग आजीच्या माहेरचं कुणी? तेव्हा बाबा आणि आत्या एकदमच म्हणाले, “मामा!” त्यांचा मामा आयुष्यभर एका पायात हिरवा आणि एका पायात तपकिरी मोजा घालून हिंडला होता, आणि घरातल्या प्रत्येक लग्नात त्यावरून हशा पिकला होता. आत्यानं मामाचा चौकोन भरला. पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, “बिचारा. आम्ही त्याचे मोजे लपवायचो.”

एवढं सगळं घरात झालं, पण शाळेतला उपक्रम अजून व्हायचाच होता. आत्यानं तो वर्गाला दिला. आठवड्यानं तक्ते आले. कुणी आजोबांच्या टकलाचा काढला होता, कुणी गालावरच्या खळीचा. एका मुलीचा कागद जवळजवळ कोरा होता. मधोमध एक गोल, त्याखाली तिचं नाव. वर काही नाही, बाजूला काही नाही. गोल मात्र कंपासनं अगदी नीट काढलेला.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. तिला एका बाईंनी वाढवलं होतं, त्यांना ती मावशी म्हणायची, पण त्या तिच्या नात्यातल्या नव्हत्या. आईवडिलांविषयी तिला काहीच माहीत नव्हतं.

“बाई, बाकीचा तक्ता मला भरता नाही आला,” ती म्हणाली. “याचे किती गुण जातील?”

आत्यानं मला हे सांगितलं तेव्हा तो कागद तिच्या हातात होता. एका रेघेसाठी अर्धा गुण कापणारी बाई ती. “मी तिला म्हटलं, एकही नाही जाणार. पण तेवढ्यानं काय होतं? पुस्तक लिहिणाऱ्यांनी चांगल्या मनानंच लिहिलंय, ‘आपलं कुटुंब’. त्यांच्या डोळ्यापुढे ही मुलगी आली नाही, एवढंच. माझ्याही कुठं आली होती?”

दोन दिवस विचार करून तिनं सगळे तक्ते परत केले आणि वर्गाला सांगितलं, की आपण सगळे मिळून एकच तक्ता करू, माझ्या कुटुंबाचा. माहिती काढायची तुम्ही, प्रश्न विचारायचे तुम्ही. आणि संध्याकाळी येऊन तिनं बाबांना विचारलं, “येशील का रे वर्गात?”

बाबा करवतीला धार लावत होते. ते थांबले. “मी? नववीच्या वर्गात?”

“नको असेल तर नको.”

“येतो की. पण फळ्यावर आकृती काढायला नाही सांगायचं.”

मी त्या दिवशी सुट्टी काढली आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. शाळेची प्रयोगशाळा म्हणजे दगडी ओटे, उंच स्टुलं, काचेच्या कपाटात बरण्या, आणि कोपऱ्यात एक सांगाडा. त्याच्या एका हाताची दोन बोटं कुणीतरी कधीच पळवली होती. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. आल्या आल्या त्यांनी सवयीनं एक डुगडुगणारं स्टूल हलवून पाहिलं आणि म्हणाले, “याला पाचर हवी.” मुलं हसली, आणि बाबांच्या खांद्यावरचा ताण उतरला.

मग प्रश्नांचा पाऊस पडला.

“काका, सिग्नल कसा कळतो?”

“वरचा थांब, खालचा जा. ज्यानं कुणी ते दिवे एकावर एक टांगले, त्याचे उपकार आहेत माझ्यावर.”

“टोमॅटो पिकलाय ते?”

“दाबून. आणि दाबल्यावर भाजीवाली ओरडते, त्यावरून.”

“तुम्हाला सगळं काळं-पांढरं दिसतं का?”

“नाही रे बाबा. निळा दिसतो, पिवळा दिसतो. झाडं दिसतात. तुमच्या बाई रागावलेल्या दिसतात.”

एका मुलानं विचारलं, “वाईट वाटतं का?” बाबांनी थोडा विचार केला. “रंग दिसत नाहीत याचं नाही वाटत. मी ते पाहिलेच नाहीत, तर त्यांची आठवण तरी कुठून येणार? लोक म्हणायचे की हा मुद्दाम करतो, त्याचं वाटायचं. तुमच्यात कुणी तसं असेल तर आधी त्याला विचारा, तुला काय दिसतं. मग हसा.”

आत्या फळ्याकडे तोंड करून उभी होती. तिनं तक्ता काढायला सुरुवात केली. पणजी, मामा, आजी, बाबा, मी. ज्यांच्यात दोष दिसतो त्यांची घरं भरली. ज्या बायांकडून तो नुसता पुढं गेला, त्यांच्या गोलात एक ठिपका. माझ्याही गोलात एक ठिपका आला. बाबांकडून तो मला मिळालेला असणारच, बापाकडून तो प्रत्येक मुलीकडे उतरतो. आजोबांच्या पलीकडे जिथं माहिती नव्हती, तिथं आत्यानं प्रश्नचिन्ह घातलं. आणि मग तिनं स्वतःचा गोल काढला आणि त्यातही प्रश्नचिन्ह घातलं.

“बाई, तुमचंपण माहीत नाही?” विचारणारी तीच मुलगी होती.

“नाही,” आत्या म्हणाली. “आईकडून माझ्याकडे आलं असेल किंवा नसेल. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि मी तपासलेलं नाही. माहीत नसलं की माहीत नाही असं लिहायचं. शास्त्रात त्याला पूर्ण गुण आहेत.”

त्या मुलीनं आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. काय ते मी पाहिलं नाही.

त्यानंतर आत्या बसली पत्र लिहायला. अभ्यासक्रम समितीला. तीन कच्चे खर्डे झाले. पहिला फार रागीट होता, दुसरा फार लांब. तिसऱ्यात तिनं ती कोऱ्या कागदाची हकीकत चार ओळींत सांगितली, मुलीचं नाव न घेता, आणि दोन सूचना केल्या. एक, उपक्रमातलं वाक्य बदलावं. दोन, रंगीत आकृत्यांवर रंगांबरोबर अक्षरंही छापावीत, म्हणजे रंग न कळणारं मूल अडणार नाही. पाकीट पोस्टात टाकून आल्यावर म्हणाली, “वाचणार नाही कुणी. पण मी लिहिलं.”

चार महिन्यांनी दोन ओळींची पोच आली. आत्यानं ती पुस्तकात खूण म्हणून घातली आणि विसरून गेली.

पुढच्या वर्षी पुस्तकाची नवी छपाई आली. मी कचेरीत होते. दुपारी फोन वाजला. आत्या शाळेतल्या फोनवरून बोलत होती, आणि मागं मधल्या सुट्टीचा गोंगाट होता.

“ऐक,” ती म्हणाली, आणि वाचायला लागली. “‘आपल्या किंवा आपल्या माहितीतील कोणत्याही कुटुंबाचा तक्ता तयार करा. जेथे माहिती नाही तेथे प्रश्नचिन्ह घाला.’ छापलंय! पान एकशे अठरा. प्रश्नचिन्हसुद्धा घेतलंय त्यांनी!”

“आणि अक्षरांचं?”

“ते नाही घेतलं. ते पुढच्या पत्रात.”

अक्षरांचं अजूनही काही झालेलं नाही. आत्यानं त्यावर आतापर्यंत तीन पत्रं पाठवली आहेत. पण हजारो शाळांत, तिला कधीही न दिसणाऱ्या मुलांच्या हातात, तिचं एक वाक्य पोचलं. पुस्तकावर तिचं नाव कुठंही नाही. मी म्हटलं, तुझं नाव यायला हवं होतं. त्यावर ती म्हणाली, “कशाला? त्यांनी पहिल्यांदा चुकीचं वाक्य लिहिलं, त्याखाली तरी कुणाचं नाव होतं?”

प्रश्नांचा तासही तिनं घेतला, पुढच्या पिढ्यांसाठी हेही नोंदवून ठेवायला हवं. पहिल्या वर्षी मुलांनी चिठ्ठ्या टाकायच्या खोक्यात एकूण सत्तावन्न चिठ्ठ्या पडल्या. आत्यानं त्या घरी आणून एकटीनं वाचल्या. “निम्म्या मुलांना भीती आहे,” ती म्हणाली. “आपल्याला काहीतरी झालंय, अशी. आणि मी त्यांना सांगत होते, घरी वाचून घ्या.” तिनं सगळ्यांची उत्तरं दिली. चार चिठ्ठ्यांची उत्तरं देताना तिचे कान लाल झाले असं ऐकिवात आहे, पण दिली.

दोन वर्षांनी ती निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमात लोकांना वाटलं होतं, ती जुन्या दिवसांविषयी बोलेल. ती उभी राहिली आणि म्हणाली, “शेवटच्या दोन वर्षांत ज्यांनी माझी वही माझ्या हातातून काढून घेतली, त्या अनोळखी लोकांचे मी आभार मानते. मी त्यांना फार शिव्या दिल्या. त्या परत घेते.” पहिल्या रांगेत बसलेल्या मुख्याध्यापकांनी डोळ्यांना रुमाल लावला.

आभार माझेही आहेत, आणि ते मी इथं मांडून ठेवते. माझा मुलगा पाच वर्षांचा झाल्यावर मी त्याची तपासणी करून घेतली. त्याच्यात तो दोष उतरला आहे. त्याच्या प्रत्येक रंगीत खडूवर मी रंगाचं नाव लिहिलंय, आणि त्याच्या शिक्षिकेला पहिल्या दिवशीच सांगितलंय. ‘मला हिरवा कळत नाही’ हे तो ‘मला दूध आवडत नाही’ या सुरात सांगतो. त्याला कुणी वेंधळा म्हटलेलं नाही. कचेरीतही मी आता नकाशावर लाल आणि हिरवा शेजारी शेजारी ठेवत नाही. एका पट्ट्यात रेघा मारते. साहेबांनी विचारलं तेव्हा कारण सांगितलं. ते नकाशा जवळ ओढून म्हणाले, “तरीच मला जुने नकाशे कळायचे नाहीत.”

बाबा आता साठीच्या पुढं गेलेत. काम थोडं कमी केलंय. दुपारच्या चहाच्या वेळी आत्या कारखान्यात येऊन बसते, आणि दोघं मिळून नववीचं पुस्तक वाचतात, पहिल्या धड्यापासून. कल्पना बाबांची होती. म्हणाले, अर्धवट सोडलं होतं, पुरं करू. सध्या सातव्या प्रकरणावर आहेत. बाबा भुशानं भरलेलं बोट ओळीखाली फिरवत वाचतात आणि दर दोन वाक्यांनी थांबून विचारतात, असं का? कालही त्यांनी काहीतरी विचारलं, झाडाच्या सालीविषयी. खोडाभोवतीची साल सबंध कापली तर झाड मरतं, पण पोखरून आतून पोकळ झालेलं झाड कसं जगतं? आत्यानं चष्मा वर केला, पुस्तकाची दोन पानं मागं-पुढं केली.

“थांब,” ती म्हणाली, “नीट बघून उद्या सांगते.”

“सांग सावकाश,” बाबा म्हणाले, आणि चहा घोटभर उरला होता तो त्यांनी तिच्या कपात ओतला.